अंगठा उठविण्यापूर्वी

कारखान्यात कामगाराचे बोट तुटले की दुसऱ्या दिवशी मालकाच्या कचेरीतून जो पहिला शब्द बाहेर पडतो तो ‘मदत’ हा होय. मालक मदत करतो, दवाखान्याचे बिल भागवितो, घरी दहावीस हजार रुपये पोहोचते करतो आणि मुकादमाच्या हस्ते एका कागदावर सही घेतो. सहीचा हात पट्टीत असेल तर दुसऱ्या हाताचा अंगठा घेतो. त्या कागदात काय लिहिले आहे हे कामगाराने वाचलेले नसते, आणि पुष्कळदा तो त्याला वाचता येईल अशा भाषेत नसतोच. शेजारीपाजारी म्हणतात, मालक देवमाणूस आहे. असेलही. परंतु या सबंध व्यवहारातील पहिला शब्दच खोटा आहे. कायद्याला ‘मदत’ ठाऊक नाही. त्याला ‘भरपाई’ ठाऊक आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, भरपाई देणे लागते म्हणून मिळते. भिक्षा आणि वसुली यांत जे अंतर, तेच या दोन शब्दांत आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्या, शहापूर-वडगावचे माग, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, वडोदऱ्याचे मकरपुरा, इंदूरजवळचे पिथमपूर, जेथे जेथे मराठी हात यंत्रावर आहेत तेथे तेथे ही शब्दांची अदलाबदल चालते. म्हणून आज राजकारण बाजूला ठेवून आम्ही कामगारांच्या घरात ज्यांची गरज पडते अशा काही शब्दांचा अर्थ सांगणार आहोत. हे शब्द कोशातील नव्हेत. त्यांतील एकेकावर एकेका कुटुंबाचे दहा-पंधरा लाख रुपये अवलंबून असतात.

या हक्काचा उगम सरकारच्या दयेत नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे मागणीपत्र सिद्ध केले, त्यात रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती. काम करताना जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य सोय व्हावी. लोखंडे हे ‘दीनबंधु’चे संपादक, लेखणी आणि चळवळ ही दोन्ही त्यांनी एकाच हाताने चालविली. सुटीची मागणी १८९० मध्ये पदरात पडली. अपघाताच्या भरपाईचा कायदा होण्यास मात्र १९२३ साल उजाडले आणि तो अमलात आला १९२४ च्या जुलैत. मागणी आणि कायदा यांत चाळीस वर्षे गेली. त्या चाळीस वर्षांत किती हात गिरण्यांनी खाल्ले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हा १९२३ चा कायदा आता त्या नावाने राहिलेला नाही. तो आणि १९४८ चा राज्य विम्याचा कायदा हे दोन्ही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्यापूर्वी घडलेल्या अपघातास अपघाताच्या दिवशी जो कायदा होता तोच लागावयाचा. नाव बदलले तरी भरपाईच्या शब्दांचा सांगाडा जुनाच आहे, म्हणून जुना कायदा समजला की नवा समजण्यास अडचण पडत नाही.

या सांगाड्यातील मुख्य खांब म्हणजे दोषनिरपेक्ष दायित्व. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे: चूक कोणाची हे विचारावयाचे नाही. पूर्वी जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे. इंग्लंडच्या न्यायालयांनी तर १८३७ पासून असा दंडक घातला होता की, एका नोकराच्या चुकीने दुसरा नोकर जखमी झाला तर धनी जबाबदार नाही. जणू सोबत्याच्या हलगर्जीचा धोका नोकराने पगारातच विकत घेतला होता! १९२३ च्या कायद्याने हा वाद मोडीत काढला. यंत्र मालकाचे, नफा मालकाचा, तेव्हा यंत्राने केलेली इजाही मालकाच्याच खाती. आजही कचेरीत कामगाराला पहिला प्रश्न “तुझे लक्ष कुठे होते?” असा केला जातो. कामगार ओशाळतो आणि मान खाली घालतो. त्याला कोणीतरी सांगावयास हवे की, या प्रश्नाचे उत्तर काहीही असले तरी भरपाईत एका पैचा फरक पडत नाही.

याला अपवाद आहेत, आणि मालकाचा वकील ते पाठ करून येतो. कामगार दारूच्या अंमलाखाली असला, त्याने सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्रावरील संरक्षक जाळी जाणूनबुजून काढून टाकली, तर भरपाई नाकारता येते. येथे सारा जोर ‘जाणूनबुजून’ या शब्दावर आहे. विसरणे म्हणजे जाणूनबुजून नव्हे. घाई म्हणजे जाणूनबुजून नव्हे. आणि प्रेसवरचा गार्ड कोण काढतो हे कारखान्यात सर्वांना ठाऊक असते. गार्ड असला की दर तासाला नग कमी निघतात. म्हणून तो पाळी सुरू होण्यापूर्वीच खोलून कोपऱ्यात ठेवलेला असतो, आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर येण्याच्या दिवशी पुन्हा जागेवर चढतो. गार्डविना यंत्र चालविण्यास सांगितलेल्या माणसाने तो ‘काढला’ असे म्हणता येत नाही. शिवाय अपघातात मृत्यू आला किंवा कायमची पूर्ण विकलता आली, तर यांतील एकही सबब मालकाच्या उपयोगी पडत नाही. शुद्धीत नव्हता, सांगितलेले ऐकले नाही, ही भाषा मेलेल्या माणसाच्या विधवेसमोर बोलणारे आम्ही पाहिले आहेत. कायद्याने त्यांचे तोंड १९९५ च्या दुरुस्तीपासून पुरते बंद केले आहे.

दुसरा खांब आहे ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ या शब्दसंहतीचा. इजा या दोन्ही कसोट्यांना उतरली पाहिजे. ओघ म्हणजे वेळ आणि स्थळ. ‘नोकरीतून’ म्हणजे कारण. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाविषयी शंका नसते. शंका सुरू होते ती कारखान्याच्या फाटकाबाहेर. १९५८ साली सौराष्ट्रातील मिठागराचे कामगार खाडी ओलांडताना नाव बुडून मेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. नाव सर्वांसाठी होती, मालकाची नव्हती, एवढ्यासाठी. पुढे १९६३ साली मुंबईच्या बेस्टच्या एका चालकाचा खटला आला. जोगेश्वरीच्या डेपोत काम संपवून तो दुसऱ्या बसने घरी निघाला असता अपघातात मरण पावला. बसने जाण्याची सवलत हा त्याच्या नोकरीचाच भाग होता, म्हणून घरच्या वाटेवरही तो नोकरीच्या ओघातच होता, असा निवाडा झाला. ओघ फाटकापाशी आटत नाही हे तत्त्व पक्के झाले, परंतु तो किती दूर वाहतो याचा वाद संपला नाही.

तो वाद कसा संपला हे आमच्याच मुलखाने पाहिले आहे. धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात ठार झाला. आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली. २०११ साली उच्च न्यायालयाने ती काढून घेतली. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्याजासह पुन्हा बहाल केली. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासात झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघातीलच होय, असे न्यायालयाने सांगितले. राज्य विम्याच्या कायद्यात हे कलम २०१० मध्येच आले होते, आणि नव्या संहितेत ते दोहोंसाठी स्पष्ट लिहिले आहे. एका शब्दाचा अर्थ ठरण्यास बावीस वर्षे लागली. पहाटे तीनच्या पाळीला जाणारा माणूस त्या वेळी हवा खावयास निघाला होता काय, हा प्रश्न गावातील कोणाही शेतकऱ्याने अर्ध्या मिनिटात सोडविला असता.

आता पैशाच्या शब्दांकडे वळू. विकलतेचे कायदा चार प्रकार करतो: तात्पुरती किंवा कायमची, अंशतः किंवा पूर्ण. तीन दिवसांपर्यंतच्या इजेस भरपाई नाही. मोजमाप शरीराचे नसून कमाईच्या शक्तीचे आहे, आणि सर्वांत मोठी फसगत होते ती येथेच. सरकारी इस्पितळातून मिळणारा अपंगत्वाचा दाखला शरीराची टक्केवारी सांगतो. भरपाई मागताना प्रश्न असतो तो या हातांनी हा माणूस आपले काम करू शकेल काय, हा. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपरावर कापावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेला, म्हणून हानी अंशतः. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून हानी पूर्ण, शंभर टक्के. हा निवाडा प्रत्येक सुताराने, मोल्डरने, फिटरने लक्षात ठेवावा. त्याच निवाड्यात असेही ठरले की, भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, आयुक्तांच्या हुकमाच्या दिवसापासून नव्हे.

कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात अवयवांची किंमत टक्क्यांत मांडलेली आहे. वाचताना अंगावर काटा येतो. परंतु वाचले पाहिजे. संपूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. हे टक्के कशाचे? तर कायमच्या पूर्ण विकलतेसाठी जी रक्कम येते तिचे. ती रक्कम अशी काढतात: मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या एका गुणकाने गुणावयाचे. मृत्यू आला असल्यास ५० टक्के धरावयाचे. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ आहे, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते एका मर्यादेपर्यंतच धरले जाते. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती मर्यादा महिना १५,००० रुपये करण्यात आली. सरकार ती अधिसूचनेने बदलू शकते, म्हणून अर्जापूर्वी चालू आकडा विचारून घ्यावा.

याच आकड्यांनी एक हिशेब करून पाहू. तीस वर्षांचा कामगार, वेतन १५,०००. साठ टक्के म्हणजे ९,०००, त्याला २०७.९८ ने गुणले की १८,७१,८२० रुपये होतात. त्याचा अंगठा प्रेसखाली गेला असेल तर त्याचे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. नुसती तर्जनी गेली असेल तर अडीच लाखांहून अधिक. या रकमेशेजारी मालकाची ‘मदत’ ठेवून पाहावी. उपचाराचा खर्च यात मोजावयाचा नाही. तो मालकाने निराळा द्यावयाचा आहे आणि तो भरपाईतून वळता करता येत नाही. आणि मुकादमाने आणलेला तो कागद? हक्क सोडल्याचा करार कायद्याने शून्य आहे. आपसातली तडजोडसुद्धा अधिकाऱ्याकडे नोंदविल्याशिवाय टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. ती अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. एक महिन्यात रक्कम दिली नाही तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे १२ टक्के सरळ व्याज, आणि सबळ कारण नसल्यास मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

इजा नेहमी रक्त काढूनच होते असे नाही. फाउंड्रीतील वाळू झाडणारा, कास्टिंग घासणारा माणूस वर्षानुवर्षे सिलिकाची धूळ श्वासावाटे आत घेतो आणि मग खोकू लागतो. डॉक्टर क्षयाची औषधे देतात, घरचे विडीला दोष देतात. त्या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही वाढू शकतो. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आणि कर्कश आवाजाने येणारे बहिरेपण हेही त्याच पंक्तीतील. या सर्वांना कायदा ‘व्यवसायजन्य रोग’ म्हणतो आणि अपघाताच्या बरोबरीचे धरतो. म्हणून छातीचा फोटो काढताना डॉक्टरांना आपण काय काम करतो आणि किती वर्षे करतो हे सांगणे, आणि ते कागदावर लिहून घेणे, ही अर्ध्या खटल्याची तयारी आहे.

‘विमा’ हा शब्द फारसीतील भय या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. आपल्या पेढ्यांवर त्याचा एक देशी भाऊ होता: जोखमी हुंडी. जहाजातील माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे; बुडाला तर हुंडी बुडाली. तेव्हा जोखीम दुसऱ्याच्या शिरी देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आज मात्र “तुमचा विमा आहे” असे सांगून निरनिराळ्या तीन वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिला राज्य विमा. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेतील, २१,००० रुपयांपर्यंत वेतनाचा कामगार त्यात येतो. २०१९ च्या जुलैपासून त्याच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. त्यात आलेल्याला भरपाई मालकाकडून नव्हे, विमा महामंडळाकडून मिळते, आणि कायमच्या विकलतेसाठी ती जन्मभर मिळते. कामावर पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हा हक्क लागू होतो. दुसरा, मालकाने स्वतःच्या दायित्वापुरता कंपनीकडे उतरविलेला विमा. याचा हप्ता मालकाने जाहीर केलेल्या माणसांवर आणि पगारावर ठरतो. म्हणून चाळीस माणसांच्या कारखान्यात विम्याच्या कागदावर पंधराच सापडतात. उरलेल्यांना कंपनीने नाकारले तर मालक सुटत नाही. देणे त्याच्याच डोक्यावर राहते. तिसरा म्हणजे बँकेच्या खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून मिळणारा दोन लाखांचा अपघात विमा. हा कामगाराने स्वतः घेतलेला आहे. तो मिळाला म्हणून मालकाचे देणे रुपयानेही घटत नाही.

हा झाला अपघातानंतरचा शब्दसंग्रह. अपघातापूर्वीचा त्याहून महत्त्वाचा, पण त्याला विचारतो कोण! ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. सुरक्षिततेच्या शास्त्रात धोका म्हणजे इजा करू शकणारी वस्तू, आणि जोखीम म्हणजे ती इजा होण्याचा संभव आणि तिची तीव्रता. उघडा पट्टा हा धोका. त्याच्याजवळून दिवसातून शंभर वेळा लोकांना जावे लागणे ही जोखीम. उपायांचाही एक क्रम आहे. प्रथम धोकाच काढून टाकावा, ते न जमल्यास बदलावा, तेही न जमल्यास त्याला कुंपण घालावे. हातमोजे, चष्मा आणि हेल्मेट ही सर्वांत शेवटची पायरी. आमच्याकडे क्रम उलटा चालतो. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ असा फलक, कामगाराच्या हाती फाटका हातमोजा, आणि पट्टा उघडाच. फिरत्या यंत्रापाशी सैल हातमोजा कामगाराला वाचवीत नाही, आत ओढतो, हे सांगणारेही कोणी नसते.

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेविषयी आमची तक्रार येथेच आहे. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे. आता वीस लागतात. विजेविना चालणाऱ्या जागी वीसचे चाळीस झाले. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती पाचशे कामगारांवर, धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेवर. पूर्वीच्या हजाराच्या मानाने ही सुधारणा खरी. परंतु आमच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप वीस-पंचवीस-चाळीस माणसांचे. ज्या जागी बोटे तुटतात त्या जागी अधिकारी नाही, आणि जेथे अधिकारी आहे तेथे निदान गार्ड तरी जागेवर असतो.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि त्यापासून आम्हांस सुटता येत नाही. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभार रयतेच्या कानाला परका वाटू नये म्हणून. सीमाभागातील मराठी कामगाराच्या हाती पडणारा अर्ज मात्र कन्नड किंवा इंग्रजीत असतो. कन्नड कामगारही त्याच प्रेसखाली बोट गमावतो आणि इंग्रजी अर्जापुढे तोही तितकाच मुका असतो. त्याच्याशी आमचे भांडण नाही. परंतु संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यातील किंवा राज्यातील कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. तेव्हा तक्रार मराठीत लिहावी आणि पोच घ्यावी. तीत अपघाताची तारीख, वेळ, पाळी, यंत्र, गार्ड जागेवर होता की नव्हता, शेजारी कोण उभे होते आणि पगार प्रत्यक्षात किती मिळत होता, एवढे त्याच दिवशी लिहावे. पाळीवरचे सोबती आठवड्याभरात दुसऱ्या खात्यात हलविले जातात, आणि हजेरीच्या पुस्तकाचे पान त्याहूनही लवकर बदलते.